सापडत नाही

गॅलोगेटला शटर वर जातं नऊला.
तोवर तिघे-चौघे उभेच असतात बाहेर,
खांदे कानांपर्यंत ओढून,
क्लाइडकडून येणारा वारा पाठीवर घेत.

लॉखलन बहुधा दुसरा.
त्याच्या नावातला ख मला पहिल्याच दिवशी जमला.
लंडनवाले तिथे क म्हणतात,
म्हणाला, आणि टोपी काढली.

साठ मिली मेथाडोन, हिरवं, इवल्याशा पेल्यात.
सोबत ती दुसरी गोळी, एकच, रोज.
दोन्ही माझ्यासमोर गिळायचं.
गिळून झालं की काहीतरी बोलायचं:
तोंडात औषध दडवलेलं नाही ना, ते कळावं
म्हणून हा नियम.
नियमापोटी मला ठाऊक आहे
त्याच्या बहिणीच्या कुत्र्याचं नाव,
दोन्ही गुडघ्यांची दुखणी,
आणि कुठल्या फुटबॉल संघानं त्याचं आयुष्य नासवलं ते.

मोरॅग दुपारी येते, पाठीवर सॅक.
सॅकमध्ये नव्या सुया, कंडोम, कोरडे मोजे,
बोटाला टोचून थेंबभर रक्त तपासायची किट.
कार पार्कमागच्या बोळात, हॉस्टेलच्या जिन्यात
ती उकिडवी बसते माणसांशेजारी
आणि आधी मोजे देते.
एकोणीस वर्षं मीपण हीच गोळी घेतेय, सांगते,
बसमध्येसुद्धा, ड्रायव्हरला ऐकू जाईल असं.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दाराकडे पाहिलं,
कुणी आलं तर नाही ना.
सवय मिरजेची.

भास्करमामा सतारीचे भोपळे घासायचा.
नखांत कायम लाखेचा पिवळा रंग.
त्याच्या आजाराला घरात टीबी म्हणत,
आणि टीबीसुद्धा हळू आवाजात.
त्याचा पेला मोरीपाशी, पालथा,
बुडाला खिळ्यानं कोरलेली फुली.
मी अकरा वर्षांची. पाणी द्यायचं काम माझं:
हात उंच धरून, वरून धार,
तांब्या पेल्याला लागता कामा नये.
माझा नेम चांगला होता.
आई कौतुक करायची,
थेंब सांडत नाही पोरीच्या हातून.

ऑक्टोबरात लॉखलनचा रिपोर्ट आला.
रक्तात विषाणू सापडत नाही.
म्हणजे आहे, पण इतका दबलेला
की मोजता येत नाही, संगातून कुणाला लागत नाही.
त्यानं कागदाची घडी करून टोपीत ठेवली.

फेब्रुवारीत एका मंगळवारी तो आला नाही.
बुधवारी नाही.
गुरुवारी मोरॅगचा फोन, मागे वारा:
पुलाखाली नाही, कोर्टात नाही,
इस्पितळात त्या नावाचं कुणी नाही.
सापडत नाही.
इंग्रजीत याला दोन वेगळे शब्द आहेत.
माझ्या डोक्यात एकच.
पेले रचत होते; रचलेले पुन्हा रचले.

सोमवारी आला, कुबडीवर.
बहिणीकडे जिन्यात पडलेला, फोन कधीच विकलेला.
शनिवारी मोरॅगनं हुडकून गोळ्या तेवढ्या पोचवल्या होत्या.
इतके दिवस चुकले की हिरव्याचा जुना डोस देता येत नाही.
डॉक्टरांना फोन, मग पुन्हा तीस मिलीपासून.
तो थांबला, पाय दुसऱ्या खुर्चीवर.

पाण्याचा पेला देताना
त्याची बोटं माझ्या बोटांवर टेकली, गार.
थोडं सांडलं काउंटरवर.
लगेच पुसलं नाही मी.

गिळलंस? आता बोल.
तो माझ्या कोटावरची पाटी वाचायला लागला,
पाच वर्षांत पहिल्यांदा:
डी. डन्या. डायना?
ज्ञानदा, मी म्हटलं.
कपाळाला आठ्या घालून पुन्हा लागला.
मागच्या बाईनं घड्याळ पाहिलं.
ज्ञ काही सापडत नाही त्याला.
म्हटलं, उद्या. नऊला.